वडक्यांचा ओळखीचा आवाज

मी खुर्ची फिरवली आणि वडक्यांची पंचाईत झाली.

तोपर्यंत तपासणी झकास चालली होती. ते बूथच्या आत, मी बाहेर मशीनपाशी, मध्ये काच. बूथ म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी बांधलेली छोटी खोली. पेशंटला हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. बारीक ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबायचं. वडके प्रत्येक ‘टूं’ला दाबत होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मानाने फारच छान. इतकं छान की मला संशय आला. मी आवाज न सोडता नुसता खांदा हलवला. त्यांनी बटण दाबलं.

मी आत जाऊन हेडफोन बाजूला केला आणि तोंडासमोर येऊन म्हणाले, “काका, खुर्ची भिंतीकडे करते.”

“कशाला? भिंत काय बोलणार माझ्याशी?”

“काहीच नाही. म्हणूनच.”

ते हसले, पण खुर्चीचे हात घट्ट धरले. मी खुर्ची फिरवली, बाहेर आले, सुरुवात केली. बटण नाही. आवाज वाढवला. बटण नाही. आणखी वाढवला. बऱ्याच वेळाने ते भिंतीकडे बघतच म्हणाले, “मॅडम, सुरू करा की आता.”

मी केव्हाच सुरू केलं होतं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचे डॉक्टर वेगळे. ते औषध देतात, ऑपरेशन करतात. मी माणसाला किती ऐकू येतं ते मोजते आणि लागलं तर कानाचं मशीन बसवते. बिबवेवाडीत माझं क्लिनिक आहे, खाली किराणा दुकान, वर मी. इतक्या वर्षांत बहिरेपण लपवणारे पुष्कळ पाहिले. सगळ्यात जास्त चालणारी युक्ती म्हणजे स्वतःच बोलत राहणं. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. पण माझ्या खांद्यावरून ‘टूं’ ओळखणारा हा पहिलाच.

वडक्यांना त्यांचा पुतण्या घेऊन आला होता. तो बाहेर मोबाइलवर होता. त्याची तक्रार एकच. “काका टीव्ही फार मोठा लावतात. बाकी काही त्रास नाही त्यांचा.”

ऑडिओग्राम, म्हणजे कानाचा आलेख, काढला. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक; रेष जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. रेष डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे जिन्यावरून पडल्यासारखी खाली आली होती. असा आलेख मोठ्या आवाजात आयुष्य काढलेल्यांचा असतो. मी विचारलं, “काम काय करायचात?”

“घर कसब्यात, तांबट आळीत. वडील, आजोबा, सगळे हंडे-घागरी घडवायचे. आम्ही पोरं हातोड्यांच्या आवाजात झोपायचो. आवाज थांबला की जागे व्हायचो.”

“आणि तुम्ही? तुम्हीही तेच काम?”

“मी लोकांना हसवायचो,” ते म्हणाले.

मी पुन्हा नाव वाचलं. मुरलीधर वडके. आणि मग लक्षात आलं. आगाशे-वडके!

आजच्या मुलांना हे नाव सांगून उपयोग नाही. पण माझ्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यातला गणपतीचा मांडव असो, कंपनीचं गॅदरिंग असो, आगाशे-वडके ठरलेले. दोन माणसं, एक माईक, नेपथ्य नाही. आगाशे घरमालक, वडके भाडेकरू. घरमालक भाडं मागतो आणि भाडेकरू प्रत्येक वाक्य भलतंच ऐकतो. आगाशे उंच, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर रेष हलायची नाही. वडके बुटके, गोल. मी स्वतः मांडवात खाली बसून पोट धरून हसलेली आहे. मग एका वर्षी ते दिसेनासे झाले. भांडण झालं असं कोणीतरी म्हणालं. त्यावर कोणी फार विचार केला नाही. दुसरे आले.

आता तो भाडेकरू माझ्यासमोर बसला होता आणि त्याला खरंच भलतं ऐकू येत होतं.

बारीक आवाज गेले की काय होतं ते सांगते. स, श, क, ट, फ, थ ही अक्षरं बारीक आवाजाची. ती गळतात. आ, ओ, ऊ राहतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. घरच्यांना वाटतं, माणूस लक्ष देत नाही. त्यामुळे घरचे आधी ओरडतात, मग कंटाळतात, मग बोलणं कामापुरतं ठेवतात. जेवायला या. औषध घेतलं का. बास.

वडक्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नाही. ती असेपर्यंत त्यांचं निभावलं. कोणी काही बोललं की ती समोर येऊन, ओठ नीट हलवून तेच परत सांगायची. “माझं मशीन तीच होती,” ते म्हणाले. “हे पुतण्याला माहीत नाही. त्याला वाटतं मी आता बहिरा झालो.”

पुढच्या खेपेला मशीनं आली. दोन्ही कानांमागे बसणारी, कॉम्प्युटरला जोडून आवाज जुळवायची. पहिल्यांदा लावली की पेशंट साधारण दोन गोष्टी म्हणतो. एक, “केवढा आवाज!” दोन, “हा माझा आवाज नाही.” वडके काहीच म्हणाले नाहीत. बाहेर रिक्षा गेली, खालचा किराणावाला कोणावर तरी ओरडला, त्यांनी मान तिकडे वळवली. मग म्हणाले, “मॅडम, तुमचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय.”

“येणारच. मेंदू हे आवाज विसरलाय. सवय करावी लागते. रोज अर्धा तास कोणीतरी तुमच्यासमोर बसून बोलायचं, तोंडासमोर कागद धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. ऐकलेलं तुम्ही परत म्हणायचं. आवाज ओळखीच्या माणसाचा असला तर मेंदू लवकर पकडतो.”

पुतण्याला आत बोलावलं. तो चांगला मुलगा होता, उद्धट नव्हता. “मॅडम, मी सकाळी आठला निघतो, रात्री नऊला येतो. बायकोचंही तेच. रविवारी बघतो.”

तो पुन्हा बाहेर गेला. मी वडक्यांना म्हणाले, “दुसरं कोणी? तुमच्या सगळ्यात ओळखीचा आवाज कोणाचा?”

मला वाटलं होतं, बहीण, शेजारी, असं काहीतरी येईल. ते कानामागचं मशीन चाचपत राहिले.

“एकाचा आहे,” ते म्हणाले. “पण तो माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्याशी बोलत नाही.”

“आगाशे?”

“इथेच राहतो. तुमच्या पुढच्या चौकात.”

कसब्यात, शनिवार पेठेत कानाची क्लिनिकं ढीगभर असताना हे गृहस्थ बिबवेवाडीला का आले, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“नंबर आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “एकाकडून मागून घेतला. पण फोन करून काय करू? पलीकडून तो काय बोलला ते मला कोण सांगणार? पुतण्याला कसं सांगू?” मग मोबाइल माझ्यापुढे सरकवला. “तुम्ही लावा.”

हे माझं काम नाही, असं मी म्हणायला हवं होतं. पेशंटच्या भांडणात आपण पडत नाही. पण सरावाला माणूस हवा होता, आणि दुसरा माणूस नव्हता. मी लावला.

“आगाशे का?”

“बोलतोय.”

“मी ऑडिओलॉजिस्ट बोलतेय, तुमच्या जवळच्याच क्लिनिकमधून. माझ्यासमोर मुरलीधर वडके बसलेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय.”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग, “बोलू दे की. तोंड आहे ना त्याला?”

“त्यांना ऐकू येत नाही.”

“हा विनोद त्याने शिकवलाय तुम्हाला?”

“मी विनोद करत नाही. मी कान तपासते.”

फोन बंद झाला. वडके माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना सांगावं लागलं नाही. “ठेवला ना?” ते म्हणाले. “चांगलं आहे. एक्झिट कधी घ्यायची ते त्याला पहिल्यापासून कळतं.”

त्यानंतरच्या आठवड्यात एक उंच म्हातारे गृहस्थ अपॉइंटमेंट न घेता आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात काठी. “माझे कान तपासायचेत.”

तपासले. त्यांची खुर्ची फिरवावी लागली नाही, ते स्वतःच डोळे मिटून बसले. कान उत्तम. मी तसं सांगितलं.

“मला माहीत आहे,” आगाशे म्हणाले. “तो कधीपासून बहिरा आहे?”

“ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांनाच विचारा.”

“वयाने होतं ना हे? म्हणजे आत्ता आत्ता?”

“एका पेशंटबद्दल दुसऱ्याला सांगत नाही मी.”

“मी पेशंट नाही. माझे कान उत्तम आहेत. आत्ताच म्हणालात.” पण उठले नाहीत. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसून राहिले. बाहेर कोणी थांबलेलं नव्हतं, म्हणून मीही थांबले. मग त्यांनी न विचारता सांगितलं.

शेवटचा कार्यक्रम एका ऑफिसच्या गॅदरिंगचा होता. तिथल्या साहेबांचं नाव घालायचं म्हणून आगाश्यांनी एक वाक्य आयत्या वेळी बदललं. वडक्यांनी उत्तर जुन्याच वाक्याचं दिलं. विनोद पडला. हॉल गप्प. आगाश्यांनी परत बदललेलं वाक्य टाकलं, वडक्यांनी परत तेच उत्तर दिलं. मग सावरायला म्हणून आगाशे माईकवर म्हणाले, “मंडळी, हा नाटक करत नाही हो, हा खरोखरच बहिरा झालाय!”

“आमच्या सबंध आयुष्यात एवढा हशा मिळाला नव्हता,” आगाशे म्हणाले. “लोक खुर्च्यांवरून पडत होते. मी वळून बघतो तर हा स्टेजवरून उतरून निघालाय. मला वाटलं, माझ्या वाक्याला हशा आला म्हणून रागावला. हशावरून आमची आधीही कुरकुर होती. तो माझा हशा संपायच्या आत बोलायचा. मला वाटायचं, मुद्दाम कापतोय.”

“मग?”

“मग काय. मी फोन केला नाही, त्याने केला नाही. मी दुसरा भाडेकरू घेऊन दोन कार्यक्रम केले. तो भाडेकरू वाटायचाच नाही, बिल्डर वाटायचा. सोडून दिलं.” ते उठले. “त्याची अपॉइंटमेंट कधी आहे?”

तेवढं मी सांगितलं. नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे.

ठरलेल्या दिवशी दोघं समोरासमोर आले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपासून ‘अरे’, ‘काय रे’ करणारी माणसं.

“कसे आहात?” आगाशे म्हणाले.

“ठीक. आपण?” वडके म्हणाले.

“ठीक.”

यावर दोघंही संपले. मला फार अवघड झालं. मी कॉम्प्युटर लावला, मशीनं जोडली आणि सरळ कामाला सुरुवात केली. आगाश्यांना खुर्ची दिली, तोंडासमोर धरायला पुठ्ठा दिला, हातात त्या दिवशीचा पेपर दिला. “वाचा. एकेक वाक्य. सावकाश नाही, नेहमीसारखं.”

आगाश्यांनी एक वाक्य वाचलं. वडक्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. “हा त्याचा आवाज नाही.”

“मशीनमुळे तसं वाटतं.”

“मशीनचं ठाऊक आहे मला. पत्र्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. ह्याच्या आवाजात वजन असायचं. हा कोणीतरी म्हातारा आहे.”

आगाश्यांनी पुठ्ठा खाली केला. “कवळी आहे,” ते म्हणाले. “वरची आणि खालची.”

मी जाड्या आवाजाचं गेन थोडं वाढवलं. गेन म्हणजे मशीन आवाज किती मोठा करून देतं ते. बारीक आवाज थोडे उतरवले, कारण कवळीची शिट्टी त्यातून फार येत होती. पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा जुळवलं. असं चार-पाच वेळा. वडके नकारार्थी मान हलवत राहिले. फक्त एकदा म्हणाले, “हां. आता थोडा आहे.” तेवढ्यावर त्या दिवशी थांबलो.

त्यानंतर आगाशे आठवड्यातून तीनदा येऊ लागले. वडके कसब्यातून बसने यायचे. दुपारी दोन ते तीन मला पेशंट कमी असतात, तेव्हा आतली खोली मी त्यांना दिली. बहुतेक वेळा मी कोपऱ्यात बसून कोणतं अक्षर चुकतंय ते टिपायची. दोघं अजून ‘आपण’वरच होते. वाचन झालं की आगाशे निघून जायचे, वडके बस चुकायची म्हणून उठायचे. जिन्यापर्यंतही एकत्र जायचे नाहीत.

मग एका दुपारी आगाश्यांनी पुठ्ठ्यामागून वाचलं, “शहरात पुढच्या आठवड्यात पाणीकपात.”

वडके क्षणभर थांबले. “पाणी कपात,” ते म्हणाले. “मग बशीत काय?”

मी चूक म्हणून टिपायला पेन टेकवलं. “चूक नाही ती,” आगाशे पुठ्ठ्यामागूनच म्हणाले. “त्याला नीट ऐकू आलंय. पुढचं घ्या.” पण पुठ्ठा हलत होता. त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. “मार्केट यार्डात कांद्याची आवक घटली.”

“मार्केट यार्डात खांद्याची आवक घटली,” वडके म्हणाले.

मी हसले. मोठ्याने हसले. वडकेही माझं बघून हसायला लागले.

“हसू नका,” आगाशे म्हणाले. त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला होता. “हे त्याला खरंच ऐकू आलं नाही.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मुद्दाम चुकतो तेव्हा आधी अर्धा श्वास थांबतो. नेहमीच. त्यावरच मी चेहरा सांभाळायचो. आत्ता थांबला नाही.”

वडके एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. त्यांना हे सगळं नीट पोचलं नव्हतं. आगाशे बोलायचे थांबले. मग खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले, पुठ्ठा नाही, कागद नाही, आणि ओठ नीट हलवत म्हणाले, “मुरली, त्या शेवटच्या वर्षी तू थांबत नव्हतास. मी ऐकत होतो. मला कळत होतं की तू थांबत नाहीयेस. मला वाटलं, तुला घाई झालीय. मला मागे टाकायची.”

वडक्यांनी खाली ठेवलेला पुठ्ठा उचलून मांडीवर घेतला.

“तुला माहीत होतं, असं मी धरून चाललो,” ते म्हणाले. “बायकोला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तू ओळखलंस, आणि सगळ्यांसमोर बोललास.”

“मला माहीत नव्हतं.”

“हशा एवढा आला की मला तोसुद्धा ऐकू आला, आगाश्या.”

आगाश्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू दुसरा भाडेकरू बघितला असतास.”

मला वाटलं, आता हे ‘छे, असं कसं’ म्हणतील. कोणीही म्हटलं असतं. आगाश्यांनी विचार केला.

“बघितला असता,” ते म्हणाले. “हो. बघितला असता.”

वडक्यांनी मान डोलावली. मला उगाच भीती वाटली की आता हे उठून जातात. पण त्यांचे खांदे खाली आले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते खुर्चीत मागे टेकले. “वाच पुढे,” ते म्हणाले. “कांद्याचं काय झालं?”

त्या दिवशी दोघं जिना एकत्र उतरले. खाली किराणा दुकानापाशी उभे राहून बोलत होते. म्हणजे आगाशे वाकून बोलत होते आणि वडके हात हलवत होते.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते विचारतात, मग परत कार्यक्रम केला का? केला. एकच. बिबवेवाडीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात, हॉलमध्ये शंभरएक खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मी आधीच सांगितलं होतं की हॉलमध्ये मशीन दगा देतं. घुमणारा आवाज, पंख्यांची घरघर, सगळं एकत्र मोठं होऊन कानात येतं. हशा कधी ओसरतो ते वडक्यांना कळणार नाही. यावर आगाश्यांनीच उपाय काढला. घरमालक भाडेकरूला दंडाला धरून उभा राहिला. हशा उतरला की दंड दाबायचा, मग वडक्यांनी बोलायचं. बघणाऱ्याला वाटावं, भाडेकरू पळून जाऊ नये म्हणून धरलंय.

वीस मिनिटं केलं. दोनदा वाक्यं विसरले. लोक हसले, पण बरेच जण ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ असं शेजाऱ्याला विचारत होते. त्यांतले चौघं-पाचजण माझेच पेशंट. स्टेजवरून उतरल्यावर मी वडक्यांना विचारलं, “हशा ऐकू आला?”

“आला बहुतेक,” ते म्हणाले. “पंखा कुठला आणि हशा कुठला ते सांगता येणार नाही.”

आणखी एखादा करू, असं ठरत होतं. तेवढ्यात आगाशे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगी नाशिकला असते, ती येऊन घेऊन गेली. फ्लॅट बंद झाला. निघायच्या आदल्या दिवशी वडके भेटायला गेले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चार-पाच महिन्यांनी वडके मशीन सर्व्हिसिंगला घेऊन आले. एकटेच, बसने. मशीन कानावर असतानाच मी ते कॉम्प्युटरला जोडलं. आजकालची मशीनं स्वतःची नोंद ठेवतात, दिवसातून किती वेळ चालू होती त्याची. आम्ही त्याला डेटा लॉगिंग म्हणतो. पेशंट म्हणतो ‘दिवसभर घालतो हो’, आणि मशीन खरं सांगतं. आगाशे इथे होते तेव्हा वडक्यांचं मशीन सकाळपासून झोपेपर्यंत चालू असायचं. नंतरच्या महिन्यांत जवळजवळ काहीच नाही. फक्त रविवारी दुपारी थोडा वेळ. रविवारी नाशिकहून आगाश्यांचा फोन येतो; फोनचा आवाज सरळ मशीनमध्ये येईल असं मी जोडून दिलं होतं.

मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. दिवसभर घालायला हवं, नाहीतर मेंदू परत विसरतो, एवढे कष्ट घेतले ते वाया जातील, वगैरे. वडक्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या ओठांकडे न बघता.

“मॅडम, मशीन चांगलं आहे,” ते म्हणाले. “मशीनला नाव ठेवत नाही मी. पण हे न घालता बसलो की घरात कोणी माझ्याशी बोलतंय का नाही, ते मला कळत नाही. घातलं की कळतं.”

मी भाषण थांबवलं. मशीन काढून पुसलं, बॅटऱ्या बदलल्या, परत त्यांच्या कानामागे लावून दिलं. बस यायला अवकाश होता म्हणून ते थोडा वेळ बसले. मीही बसले. खाली किराणा दुकानात कोणीतरी साबण मागत होतं. “रावण म्हणाला का तो?” त्यांनी विचारलं. साबण, मी म्हणाले. “हां, साबण.” मग ते गेले. दर दोन महिन्यांनी येतात. मशीनला काही झालेलं नसतं.

आमच्या धंद्यात केस हिस्टरी म्हणून प्रकार असतो. ऐकू कधीपासून कमी येतं, घरात आणखी कोणाला त्रास आहे का, कारखान्यात काम केलंय का, असे ठरलेले प्रश्न. वडक्यांनंतर मी त्यात एक वाढवलाय, आणि तो सगळ्यात आधी विचारते. घरी तुमच्याशी बोलतं कोण?

काहीजण लगेच उत्तर देतात. त्यांचं पुढचं काम सोपं असतं. बाकीचे घरात कोण कोण राहतं ते सांगायला लागतात. मुलगा, सून, दोन नातवंडं, कुत्रा. मी थांबून ऐकते, आणि मग प्रश्न परत विचारते.